पाठमोरी कुत्री

बंदरावरच्या जुन्या मासळी-गोदामात दर रविवारी जुना बाजार भरणार अशी पाटी लागली, तेव्हापासून थोराच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पाटी चांगली भलीमोठी होती, फेरीबोटीतूनही वाचता यायची. पहिल्या रविवारी वाऱ्यानं तिला घराबाहेर पडू दिलं नाही, दुसऱ्या रविवारी खुब्यानं. त्यानंतरच्या रविवारी मात्र ती काठी शोधून, पिशवी घेऊन निघालीच. पिशवीत नवऱ्याचा, सोन्निकचा, जाड लोकरी स्वेटर घडी करून ठेवला होता. काही मिळालंच तर गुंडाळायला.

दाराशी पोचते न पोचते तोच फोन वाजला.

"आई, तू बूट घालतेयस. मला ऐकू येतंय," पलीकडून डोर्टे म्हणाली. थोराची ही एकुलती एक लेक बेटापासून दूर, ओर्हूस शहरात राहायची आणि तिथून आईच्या घरातली टाचणी पडलेली ऐकायची.

"घरात गार लागतं म्हणून घातले."

"आई."

"बंदरावर जाऊन येते गं. जुना बाजार लागलाय नवा."

"या वाऱ्यात? आणि तिथे काय मिळणार आहे तुला? आत्ता कुठे घर मोकळं केलं आपण!"

'आपण' म्हणाली लेक, आणि ते खोटंही नव्हतं. वसंतात थोरा अंगणात घसरून पडली, खुबा मोडला, फेरीबोटीनं पलीकडे एस्बियर्गच्या इस्पितळात जाऊन पडली. ती परत येईल तेव्हा जिना चढायला लागू नये म्हणून डोर्टेनं सुट्टी काढली, समोरची खोली रिकामी केली, तिथे पलंग आणला, पडदेसुद्धा धुतले. आणि मधेच कधीतरी फोन करून विचारलं, "आई, खिडकीतलं सगळं देऊन टाकू ना? नुसती धूळ साठते." गोळ्यांच्या गुंगीत थोरा म्हणाली होती, "दे." आणि घरं रिकामी करणारा प्रेबेन ते सगळं घेऊन गेला.

"सावकाश जा मग," डोर्टे म्हणाली. "आणि उगाच काही उचलून आणू नकोस."

"नाही आणत," थोरा म्हणाली आणि निघाली.

आणायची होती ती कुत्री. चिनीमातीची दोन कुत्री, लांब कानांची, गळ्यात सोनेरी साखळी. बेटावर दर्यावर्द्यांच्या घरांत खिडकीत अशी जोडी असायचीच. नवरा बोटीवर गेला की बायको कुत्र्यांची तोंडं बाहेर करायची आणि तो परतला की आत. हे कुणी कुणाला शिकवलं नाही, शिकवावं लागलंही नाही. गल्लीतून जाणाऱ्या दूधवाल्यालाही कळायचं, कुत्री बाहेर बघतायत म्हणजे आज एकच बाटली. थोरा लग्न होऊन या घरात आली आणि महिन्याभरात सोन्निक बोटीवर चढला, तेव्हा सासूबाईंनी एका हाताची दोन बोटं कुत्र्याच्या मानेखाली घालून अलगद कसं वळवायचं तेवढं दाखवलं होतं. एवढाच काय तो शिकवण्याचा भाग.

मग आयुष्य असंच गेलं. सोन्निक वर्षातून दोनदा यायचा, यायचा आणि जायचा. शेवटच्या खेपेला ब्राझीलच्या किनाऱ्यावर, बोट बंदरात उभी असताना, डेकवर कॉफी पिता पिता त्याचं हृदय थांबलं. शवपेटी विमानानं आली, मग गाड्यांच्या रांगेत उभी राहून फेरीबोटीनं आली. त्या आठवड्यात गल्लीतल्या सगळ्या बायका जाता-येता डोळ्याच्या कोपऱ्यातून थोराच्या खिडकीकडे बघत होत्या, वळवते की नाही म्हणून. तिनं वळवली नाहीत. घरी आला म्हणायचं तर माणसानं उंबरा ओलांडून यायला हवं. हा परस्पर चर्चच्या आवारातल्या दफनभूमीत गेला.

तेव्हापासून वीस-बावीस वर्षं कुत्री बाहेरच बघत राहिली. इस्पितळात छताकडे बघत पडल्या पडल्या मात्र तिच्या मनानं घेतलं, आता पुरे. आपल्याला काही झालं तर ती तशीच बाहेर बघत राहायची आणि सोन्निक कायमचा बाहेरचाच. घरी गेल्या गेल्या पहिलं काम, कुत्री आत वळवायची. त्या एका गोष्टीच्या ओढीनं ती चालायला लागली, असं म्हटलं तरी चालेल. आणि घरी येऊन बघते तर खिडकीच्या फळीवर जिरेनियमची कुंडी.

"किती उजेड येतो बघ आता!" डोर्टे म्हणाली होती. घामानं केस कपाळाला चिकटलेले, हात फिनेलनं लाल झालेले. अशा पोरीला काय सांगायचं?

"हो गं," थोरा म्हणाली होती. "खूपच उजेड."

बाजार म्हणायचा आणि तो हा! गोदामाच्या दारात झेंडे फडफडत होते, सॉसेज भाजल्याचा धूर नाकातोंडात जात होता आणि आत शिरावं तर पहिल्या चार टेबलांवर वासाच्या मेणबत्त्या. त्यापुढे फोनची कव्हरं. मग दोरखंडाचे दिवे, आणि लाकडी पाट्या, ज्यांच्यावर 'समुद्र' असं लिहिलं होतं, समुद्र दारातून दिसत असताना. एका ठिकाणी बोटीचं सुकाणू होतं, त्याला गंज चढवलेला, पण गंज हाताला लागत नव्हता. रंगवलेला होता. बाहेर दोन ताडपत्र्या वाऱ्यानं सुटून गोदामाला थपडा मारत होत्या, आणि दर थपडेला पाहुणे मंडळी दचकून हसत होती. बहुतेक जर्मन. आपल्या इथलं कुणी दिसतंय का म्हणून थोरानं मान उंच करून पाहिलं. वाण्याच्या दुकानातली पोरगी वॉफल विकत होती, तेवढंच.

"अगं, प्रेबेन कुठे बसतो? घरं रिकामी करतो तो?" थोरानं तिला विचारलं.

"अगदी शेवटी, आजी. संडासाच्या शेजारी. वॉफल?"

"परत येताना."

प्रेबेन मोठ्या पोटाचा, आनंदी माणूस होता. घडीच्या खुर्चीत बसून राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा ठेवून खात होता. त्याच्या टेबलावर खरोखरच जुन्या वस्तू होत्या. आणि त्या टेबलाच्या मधोमध, दाटीवाटीनं, लोकांकडे तोंडं करून बसलेली ती सगळी कुत्री.

थोरा जागीच थांबली.

ही एलनाची. डावं जरासं तिरळं आहे, एलना त्याला 'पाद्री' म्हणायची. ती मास्तरीणबाईंची, नाकं एवढी काळी की लहानपणी डोर्टे त्यांना घाबरायची. ती केशरी कानांची कोपऱ्यावरच्या मारेनची, जिचा नवरा आणि मुलगा एकाच बोटीवर होते. थोरा त्या सगळ्यांना ओळखत होती, तोंडानं ओळखत होती, कारण गल्लीतून पाव आणायला जाता-येता तिनं त्यांना जन्मभर खिडक्यांमधून बाहेर बघताना पाहिलं होतं. त्यांच्यामागच्या बायका आता नव्हत्या. कुणी गेली, कुणी पलीकडच्या वृद्धाश्रमात, जिथे खिडकीच्या फळीवर काही ठेवू देत नाहीत. अख्खी गल्ली या टेबलावर बसून तिच्याकडे बघत होती.

पण तिची स्वतःची कुठली, हे काही तिला कळेना. ती या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर नजर फिरवत राहिली. सोन्निक बाहेर असताना कुत्र्यांची पाठ घराकडे. आणि तो घरी असला की कुत्र्यांची तोंडं बघायला वेळ कुणाला? बाहेरून येताना पाहिली असतील, पण हातात सामान, डोळे कुलुपावर. आपल्याच खिडकीकडे रस्त्यावरून कोण बघत बसतं?

तिनं काठी टेबलाला टेकवली आणि पहिलं कुत्रं उलटं फिरवलं.

मग दुसरं. मग तिसरं.

"आजी," प्रेबेन हेरिंग गिळून म्हणाला, "तोंडं इकडच्या बाजूला आहेत."

"तोंडं नकोत मला."

"मग काय, शेपट्या बघता?"

"पाठ."

"पाठ बघून कुत्रं घेणारं गिऱ्हाईक आजवर पाहिलं नव्हतं बुवा. नवराही असाच पसंत केला होता का?"

"त्याचीही पाठच जास्त पाहिली," थोरा म्हणाली आणि पुढचं फिरवलं.

प्रेबेन मोठ्यांदा हसला, पण मग त्यानं पाव बाजूला ठेवला. ही बाई गंमत करत नव्हती. तिच्या सुरकुतलेल्या हाताची दोन बोटं प्रत्येक कुत्र्याच्या मानेखाली बरोबर जात होती, आणि प्रत्येक मानेवर नेमकी तिथेच सोनेरी साखळी झिजून पांढरी झालेली होती. सगळी फिरवून झाली. कोऱ्या, पांढऱ्या, सपाट पाठी. एकही तिची नव्हती. जाता जाता तिनं एलनाचा पाद्री मारेनच्या कुत्र्याशेजारून उचलून त्याच्या खऱ्या जोडीदाराशेजारी नेऊन ठेवला.

"माझ्या जोडीतल्या एकाच्या पाठीवर शेपटीच्या वर अंगठ्याचा ठसा आहे," ती म्हणाली. "माती ओली असताना कुणीतरी धरलेलं. आणि दुसऱ्याच्या खांद्यावरून एक बारीक तडा उतरतो, मधेच दोन वाटा होतात त्याला. उन्हाळ्यात सकाळचं ऊन पडलं की तपकिरी दिसतो."

"ठसेवालं!" प्रेबेननं मांडीवर थाप मारली. "तुमचं होतं होय ते? मीच दाखवायचो लोकांना, बघा म्हणून, घडवणाऱ्याची सही. बाजार उघडला त्याच दिवशी गेली ती जोडी."

थोरानं टेबलाची कड धरली. "कुणाकडे? जर्मनीला?"

"छे हो, इथेच. तान्ह्या बाळाची आई आहे एक. बंदरामागच्या नव्या घरांत राहते, पिवळं दार. बाबागाडी होती तिच्याजवळ म्हणून मीच नेऊन दिली. नवरा समुद्रातल्या त्या पवनचक्क्यांच्या देखभालीच्या बोटीवर असतो, पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस इकडे. मला विचारलं, कशी ठेवायची. म्हटलं, पैसे मोजलेत ना, मग तोंडं आपल्याकडे करून ठेवावी माणसानं! रस्त्यावरच्या लोकांना फुकट कशाला दाखवायची?"

"कुठला रे तू?"

"वार्डेचा. समुद्रापलीकडचा."

"तरीच," थोरा म्हणाली.

वॉफल घ्यायचं ती विसरली. बंदराच्या कडेनं चालताना वारा पाठीत ढकलत होता आणि ती मनाशी वाक्यं जुळवत होती. मुली, ती कुत्री माझी आहेत. चुकून गेली. तू दिलेस त्याच्या दुप्पट देते. नाही, असं नको. मुली, मला ती फक्त एकदा फिरवू दे, मग तू ठेव. हेही नको, वेडी म्हणेल. पवनचक्क्यांची रांग दूर समुद्रात आपापले हात फिरवत होती. त्यातल्या कुठल्यातरी खांबापाशी त्या पोरीचा नवरा असणार. दिसण्याएवढा जवळ, येण्याएवढा नाही. सोन्निक निदान दिसत तरी नव्हता.

नवी घरं सगळी एकसारखी होती, चौकोनी, करडी. पिवळं दार एकच. दाराशेजारी खिडकी, खिडकीखाली बाबागाडी, गाडीत, इथल्या रीतीप्रमाणे मोकळ्या हवेत, पांघरूण ओढून निजलेलं बाळ. आणि खिडकीत, काचेला जवळजवळ टेकून, दोन पांढऱ्या पाठी.

थोराला चष्मा पुसावा लागला नाही. डाव्याच्या खांद्यावरून तडा उतरत होता, मधे दोन वाटा होत होत्या. उजव्याच्या शेपटीच्या वर अंगठा उमटलेला. जन्मभर जे तिनं आतून पाहिलं होतं, ते आता रस्त्यावरून दिसत होतं. कुत्री आत वळली होती. गल्लीतल्या बायका असत्या तर म्हणाल्या असत्या, आला वाटतं घरी.

ती पुढे झाली, आणखी पुढे झाली. काठी बाबागाडीच्या चाकाला लागली तेव्हा कुठे तिला कळलं आपण किती जवळ आलो ते.

खिडकी धाडकन उघडली.

"काय हवंय तुम्हाला? बाळापाशी काय करताय?"

पोरगी असेल पंचविशीची. स्वेटर उलटा घातलेला, शिवण बाहेर. केस कालपासून विंचरलेले नसावेत.

"काही नाही गं," थोरा म्हणाली. "खिडकी बघत होते. कुत्री."

पोरीचा चेहरा सैल पडला. "हळू बोला हं, आजी. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा. सकाळपासून नुसता किंचाळतोय. येप्पे नाव आहे, पण मी दुसरीच नावं ठेवलीत आज." ती हसली, आणि हसताना तिचे डोळे भरून आले, तसे तिनं ते बाहीनं पुसले. "माफ करा. आज पहिल्यांदाच कुणाशी तरी बोलतेय मी. म्हणजे कुत्र्यांना सोडून."

"कुत्र्यांशी बोलतेस?"

"हसू नका. ती माझ्याकडे बघतात ना, मग बोलावंच लागतं. याला पाजायला बसले की सगळं सांगते त्यांना. हे डावं समजूतदार आहे. उजव्याला काही म्हणजे काही पटत नाही, नाक मुरडून बसतं." तिनं उजव्याच्या डोक्यावर टिचकी मारली. "आधी कुणा म्हातारीची होती म्हणे. फार जपली असणार तिनं. एक टवका उडालेला नाही."

"जपली असेल," थोरा म्हणाली.

समजूतदार डावं आहे होय. तिनं त्याच्या पाठीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक व्हायला समोरून बघावं लागतं. कितीतरी हिवाळे ती त्या दोघांच्या मागे बसून डोर्टेला पाजत होती, मोजे विणत होती, आणि ती दोघं काचेबाहेर बघत होती.

"तुम्ही इथल्याच ना, आजी?" पोरीनं विचारलं. "मी होल्स्टब्रोची. इथलं मला काही कळत नाही. कुत्री ठेवायची काहीतरी रीत असते, नवऱ्याची आत्या म्हणत होती. तो विकणारा म्हणाला तशी ठेवलीत मी. बरोबर आहेत ना?"

आता सांगायचं होतं. सांगण्यासारखं सगळं तोंडात आलं होतं, माझी आहेत हेसुद्धा, आणि चूक ठेवलीस हेसुद्धा. पिशवीतला स्वेटर तिच्या हाताला जड लागत होता. दोन बोटं मानेखाली घालायची, अलगद. हात लांबवला असता तर उघड्या खिडकीतून पोचलाही असता.

"बरोबर आहेत," थोरा म्हणाली. "अशीच राहू देत."

"नवरा बोटीवर असला तरी?"

"असो, नसो."

"सुटले बाई!" पोरगी म्हणाली. "मला वाटलं, अख्खं बेट मला हसत असेल. मी स्टिने. आत या ना, कॉफी तयार आहे. घर पसरलंय, पण तुम्ही बघू नका म्हणजे झालं."

तिच्या खांद्यापलीकडे खोली दिसत होती. वाळत घातलेली बाळाची अंगडी, एक खुर्ची, खुर्चीवर अर्धा खाल्लेला पाव. त्या खुर्चीत बसायचं, म्हणजे ती दोघं समोर येणार. दोघं तिच्याकडे बघणार. डाव्यानं समजून घेतलं असतं कदाचित, पण थोराला तेवढा धीर नव्हता.

"आज नको. पुन्हा कधीतरी."

"पुन्हा म्हणजे कधी?" स्टिनेनं पटकन विचारलं. बेटावर 'पुन्हा कधीतरी'च्या पुढे कुणी विचारत नाही. होल्स्टब्रोच्या मुलीला ते कुठून कळणार?

तेवढ्यात गाडीतून एक बारीक कुरकूर आली आणि तिची बघता बघता किंकाळी झाली. "झालं! आलेच," म्हणत स्टिनेनं खिडकी ओढली. पिवळं दार उघडलं, उलट्या स्वेटरमधले दोन हात आले, बाळ गाडीतून उचललं गेलं. "थांबा हं, आजी," असं काहीसं रडण्याच्या आवाजात ऐकू आलं. दार वाऱ्यानं आपोआप लागलं. थोरा थोडा वेळ थांबली. खिडकीआड कुणीतरी बाळाला थोपटत येरझाऱ्या घालत होतं. मग ती निघाली.

घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. किल्ली हातात घेतली आणि तिला वाटलं, बघावं तरी. मग ती गल्लीत चार पावलं मागे सरकून स्वतःच्या खिडकीसमोर उभी राहिली. निघताना दिवा चालूच राहिला होता. जिरेनियमची लाल फुलं, धुतलेले पडदे, मागे खुर्ची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, घरात माणूस आहे.

आत फोन वाजत होता.

"कुठे होतीस तू? चार वेळा केला मी!" डोर्टेचा आवाज वर गेला होता. "काय मिळालं एवढं?"

"काही नाही गं. सगळा नवाच माल. मेणबत्त्या नि फोनची कव्हरं. गंजसुद्धा रंगवलेला."

"सांगत होते ना मी! मग एवढा वेळ?"

तुझे बाबा घरी आलेत, असं थोराच्या अगदी ओठांवर आलं. पण पोरीनं त्याच क्षणी डॉक्टरला फोन केला असता.

"वारा होता," ती म्हणाली. "सावकाश चालले. तूच सांगितलं होतंस."

फोन ठेवल्यावर तिनं पिशवीतून स्वेटर काढला आणि अंगात घातला, हात बाह्यांच्या आत हरवून गेले. खुर्ची नेहमीसारखी खिडकीतून बाहेर, समुद्राच्या दिशेनं तोंड करून होती. तिनं ती दोन्ही हातांनी धरून, खुब्याला जपत, थोडी थोडी सरकवत वळवली, त्या दोघांसारखी खिडकीकडे पाठ होईपर्यंत. मग बसली. समोर पलंग होता, भिंत होती, भिंतीच्या टोकाला दार होतं.